वजनाच्या इंजेक्शनवर बंदी आणून काय साधेल?

‘ही बारीक व्हायची इंजेक्शनं राज्य सरकारनं कायदा करून बंदच करावीत,’ असं लाखनीच्या चहाटपरीवर कुणी म्हटलं, तर माना डोलावणारे पुष्कळ भेटतील. मागणी सोपी आहे, पण तिच्या मुळाशी असलेल्या समजुती मात्र कच्च्या आहेत.

गैरसमज : वजन कमी करणारी औषधं बेकायदाच असतात.
ही भीती अगदीच निराधार नाही. हृदयाला धोका दिसल्यामुळे सिब्युट्रामाइन या वजन कमी करणाऱ्या औषधावर २०११ मध्ये भारतात बंदी आली. पण ती केंद्रानं घातली. १९४० च्या औषध कायद्यातलं कलम २६-अ तो अधिकार केंद्राला देतं. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे दुकानांचे परवाने आणि तपासणी असते. आताच्या इंजेक्शनांपैकी मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आलं, तेही रीतसर मंजुरी घेऊन. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड मधुमेहावरही वापरतात. सरसकट बंदी आली तर त्या रुग्णांनी काय करायचं?

गैरसमज : अमेरिकेत मेडिकलवालेच हे बनवून देतात, मग इथे का नाही?
तिथे या औषधांचा तुटवडा होता, तेव्हा फार्मसींना त्यांच्या प्रती बनवायला मोकळीक मिळाली. सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं तिथल्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ती मोकळीक आवळली गेली.

फार्मासिस्टनं चिठ्ठीबरहुकूम औषध तयार करणं आपल्याकडेही नवं नाही. कागदी पट्टीवर डोसाच्या खुणा कातरलेली मिक्श्चरची बाटली जुन्या मंडळींना आठवत असेल. औषध नियमांतला नियम ६५ आजही दुकानात औषध बनवू देतो, पण नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच. पाटीवर ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ असेल, तर तिथे चिठ्ठीवरून औषध बनवण्याची व्यवस्था नाही, असा नियमानं अर्थ होतो. आणि मिक्श्चर वेगळं, टोचायचं निर्जंतुक औषध वेगळं. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मसीच्या दूषित इंजेक्शनांनी साठाहून अधिक माणसं दगावली.

गैरसमज : जेनेरिक म्हणजे असंच जुळवलेलं औषध.
साफ चूक. जेनेरिक परवानाधारक कारखान्यात बनतं, औषध नियंत्रकाच्या मंजुरीनंतरच विकलं जातं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपल्यानं देशी कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. म्हणून स्वस्त दिसलं की बनावट, असं समजू नये. संशय घ्यायचा तो जिममध्ये किंवा इन्स्टाग्रामवर बिलाशिवाय मिळणाऱ्या कुपीचा.

गैरसमज : त्यापेक्षा जाहिरातीतली ‘हर्बल’ पावडर बरी.
लठ्ठपणा बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानंच निषिद्ध आहे. हा आजार त्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. शिवाय परदेशी तपासण्यांत अशा पावडरींमध्ये तेच बंदी घातलेलं सिब्युट्रामाइन अनेकदा सापडलं आहे.

म्हणूनच मला नव्या बंदीचा आग्रह पटत नाही. दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय असं औषध देऊ नये, हे नियम आहेतच. २०१२-१३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं त्यांची अंमलबजावणी कडक केली, तेव्हा राज्यभरातले औषधविक्रेते विरोधात उतरले होते. बंदी आली तर गिऱ्हाईक या दुकानातून उठून त्या कुपीवाल्याकडे जाईल, एवढंच.

डॉक्टरांनी लिहून दिलंच, तर बिल घ्या, बॅच नंबर पडताळा. इंजेक्शनचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवं, त्यामुळे मे महिन्यात ते भंडाऱ्याहून दुचाकीच्या डिकीत टाकून आणू नका. आणि किती दिवस घ्यायचं, हे आधीच विचारा : सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत चढल्याचं चाचणीत दिसलं आहे.