वटारलेले डोळे आणि आखडलेले स्नायू



विश्रामबागेत बोलायला उभे राहिले, की समोर विलिंग्डनचे प्राध्यापक असतात, वालचंदचे विद्यार्थी असतात आणि संध्याकाळचा फेरफटका आटोपून आलेले पेन्शनरही असतात. अशा सभेत परिभाषेच्या आड लपता येत नाही. म्हणून एका बाईंच्या हकीकतीनेच आरंभ करतो.

मिरज तालुक्यातल्या एका खेड्यातली ही चाळिशीची बाई. सासरच्यांची तक्रार अशी, की वर्षभरात हिचा नूरच पालटला आहे. हनुवटी वर करून, नाकावरून खाली पाहावे तशी माणसांकडे पाहते आणि डोळे असे वटारते की पोरे बिचकतात. गर्व चढला म्हणावे, तर बिचारीचे वजन उतरलेले, हात कापत असलेले आणि छातीत धडधड. थायरॉइड ग्रंथी बेफाम झाली आहे, एवढे निदान माझ्या हातून चुकले नाही. गोळ्या दिल्या, धडधड थांबली, अंगावर मांस चढू लागले. डोळ्यांबद्दल मात्र मी म्हणालो, "गळ्याचे बरे झाले की डोळ्यांचे आपोआप होईल. सहा महिन्यांनी या." ती माझी चूक होती. ती का चूक होती, हाच आजचा विषय.

डोळ्याची खोबण म्हणजे हाडांची एक कुपी आहे. तिच्यात सारे मिळून सुमारे ३० घनसेंटिमीटर मावते. चहाचे सहा चमचे म्हणा ना. एवढ्या जागेत डोळ्याचा गोळा, तो फिरवणारे सहा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस, असा सगळा संसार आहे. चारी बाजूंनी हाड, मोकळे दार फक्त समोर. तेव्हा आत जेमतेम एक चमचाभर भर पडली, तरी डोळा पाच-सहा मिलिमीटर पुढे ढकलला जातो.

ही भर कोठून येते? डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली आणि जर्मनीत मर्सेबुर्ग येथील कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४० साली या रोगाचे वर्णन करून ठेवले होते: गळ्याची गाठ, छातीची धडधड, बाहेर आलेले डोळे. (आयोडीन कमी पडून होणारा गलगंड निराळा. मिठाच्या पुड्यावरची जाहिरात वाचून पुष्कळजण येथे घोटाळा करतात.) कारणाचा धागा हाती लागायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स व पर्व्हेस यांना अशा रोग्यांच्या रक्तात ग्रंथीला तासन् तास चेतवणारे एक द्रव्य आढळले. लंडनमध्ये त्याच वर्षी रॉइट, डोनिआक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हाशिमोटो नावाच्या थायरॉइड-विकारात रोग्याच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धचे प्रतिपिंड असतात. न्यूझीलंडचे ते द्रव्यही प्रतिपिंडच होते, हे पुढे सिद्ध झाले.

प्रतिपिंड म्हणजे परक्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन. येथे ते भलत्याच ठिकाणी चिकटते. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला हुकूम धाडते, आणि तो हुकूम घेणारा एक ग्राहक थायरॉइडच्या प्रत्येक पेशीवर बसवलेला असतो. प्रतिपिंड त्या ग्राहकावर जाऊन बसतो आणि पेशीला वाटते, वरून हुकूम आला. मामलेदार कचेरीचा शिक्का मारलेला खोटा कागद घेऊन कोणी गावात यावे आणि तलाठ्याने निमूटपणे अंमल करावा, तसलाच हा प्रकार. खरा हुकूम काम भागले की मागे घेतला जातो. खोटा घेणार कोण?

आता डोळ्याकडे वळू. सहज मनात येते, की शरीराचे सैन्य डोळ्याच्या स्नायूंवर तुटून पडत असेल आणि स्नायू खाऊन टाकत असेल. पण स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्याचे मूळ धागे बव्हंशी शाबूत दिसतात. बिघाड असतो तो धाग्यांच्या मधल्या जागेत. तेथे तंतुजनक पेशी राहतात. धाग्यांना बांधून ठेवणे हे त्यांचे साधे काम. दुर्दैवाने थायरॉइडवर असतो तोच ग्राहक त्यांच्या अंगावरही असतो, आणि इन्शुलिनसारख्या एका वाढद्रव्याचा दुसरा ग्राहक त्याला जोडीदार म्हणून मिळतो. खोटा हुकूम येथेही पोचतो. रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी आपल्या रसायनांनी त्यांना आणखी चिथावतात.

मग या पेशी हायल्युरोनिक आम्ल नावाचा पदार्थ भराभर तयार करू लागतात. उन्हाळ्यात आपण सब्जाचे बी पाण्यात टाकतो, तेव्हा चिमूटभर बिया पेला कशा भरून टाकतात ते आठवा. हे द्रव्यही तसेच पाणी धरून फुगते. काही तंतुजनक पेशी तर चक्क चरबीच्या पेशी बनतात. स्नायूचा मधला भाग फुगून जाड होतो. डोळ्याला चिकटलेले त्याचे टोक बहुधा बारीकच राहते. चित्रणात ही खूण पाहून डॉक्टर रोग ओळखतात.

सूज आहे तोवर फारसे बिघडलेले नसते. पण महिने लोटतात तशा त्याच पेशी घट्ट तंतू विणू लागतात आणि स्नायूत व्रण धरतो. सर्वांत अधिक वेळा सापडतो तो डोळ्याच्या खालचा स्नायू, त्याच्या खालोखाल नाकाकडचा. येथेच त्या बाईच्या गर्वाचा उलगडा होतो. तिला वर पाहता येत नव्हते ते वर ओढणारा स्नायू दुबळा झाला म्हणून नव्हे. खालचा स्नायू सैल पडायलाच तयार नव्हता. दावे आखूड असले की वासराने कितीही मान उंचावली तरी काय उपयोग? डोळा बधिर करून चिमट्याने वर लोटून पाहतात; अर्धांगातला डोळा सहज वर जातो, हा जात नाही. समोरचे एक दिसावे म्हणून बिचारी सारे डोकेच मागे कलवत होती. मान सरळ केली, की सासूबाई दोन दिसत.

आता माझी चूक. मिरजेला वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले, तेव्हापासून या पंचक्रोशीला डोळ्याची शस्त्रक्रिया ठाऊक आहे. पण तिच्याबरोबर "मोतीबिंदू पिकू द्यावा" हा सल्लाही आपल्या हाडीमाशी खिळला. मोतीबिंदूलाही तो आता लागू नाही. या रोगात तर वाट पाहणे म्हणजे व्रण पिकू देणे होय. धगधगता काळ साधारण दीड-दोन वर्षांचा असतो. त्यात सूज निवळवता येते: जोराच्या विकारात शिरेतून स्टेरॉइड देतात, आणि तो दुसरा ग्राहक अडवणाऱ्या टेप्रोट्युमुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ते अतिशय महाग आहे, आणि कानाला बहिरेपण येण्याचा धोकाही त्याला आहे. व्रण एकदा पक्का झाला, की त्यावर औषधाची मात्रा चालत नाही. रोग काही महिने स्थिर राहिल्यावर स्नायू मागे सरकवून शिवावा लागतो.

एक लक्षण मात्र दिवसांचीही सवड देत नाही. फुगलेले स्नायू खोबणीच्या टोकाशी दृष्टीच्या नसेला आवळू लागले, की रंग विटतात. एक डोळा झाकून कुंकवाचा करंडा पाहावा, मग दुसरा झाकून पाहावा. एका डोळ्याला कुंकू फिके वाटले तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. अशा वेळी डोळा फार बाहेर आलेला असेलच असे नाही. दार घट्ट असेल, तर दाब आतच कोंडतो.

आणि विडी. निपाणीच्या तंबाखूवर आपल्याकडची कितीतरी घरे चालली, हे मी विसरत नाही. पण धूम्रपानाने हा विकार जडण्याचा व बळावण्याचा धोका वाढतो आणि उपचारांचा गुण कमी येतो, हे पुन्हापुन्हा दिसून आले आहे. थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीन घ्यायचे ठरले, तरी डोळ्यांची तपासणी आधी व्हावी. त्याने डोळे बिघडू शकतात, आणि विडी ओढणाऱ्याचे अधिक.

त्या बाईंचा स्नायू शेवटी शिवावा लागला. आता समोरचे आणि वाचायचे एक दिसते, मान सरळ असते. माडीवर वाळत घातलेल्या धुण्याकडे वर पाहिले, की अजून दोन दोऱ्या दिसतात.