घर एक, सह्या किती?

मूळच्या मंगेशीच्या मंगेशकर घराण्यातील लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या सिख मोहल्ल्यात झाला. ती वास्तू पुढे दुसऱ्यांच्या मालकीची झाली आणि आज तेथे कापडाचे दुकान आहे. इंदूरमधील अनेक जुन्या मराठी घरांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच येते. होळकरांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या कुटुंबांनी आधी राजवाड्याच्या परिसरात वाडे बांधले. पुढे साउथ तुकोगंज, मनोरमागंज, स्नेहलतागंज अशा, होळकर घराण्यातील नावे मिरवणाऱ्या वस्त्यांत त्यांची घरे उभी राहिली. वाढत्या शहराने हा भाग आता मध्यावर आणून ठेवला आहे. येथे गिऱ्हाईक मिळणे अवघड नाही, मग ते घराकडे न पाहता खालच्या जमिनीकडेच का पाहत असेना. व्यवहार अडतो तो सह्यांपाशी.

घर वडिलांनी स्वकमाईने घेतले असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना सारखा वाटा मिळतो. आई, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे असतील, तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा. घरात राहून त्याची देखभाल करणारा थोरला भाऊ आणि लग्न होऊन पुण्यास गेलेली बहीण कायद्यापुढे सारखेच. महापालिकेतील कराचे खाते थोरल्याच्या नावावर असते म्हणून तोच मालक, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. त्या नोंदीवरून कर कोणाकडून घ्यायचा एवढेच ठरते.

वडिलोपार्जित, अविभक्त घराची गोष्ट निराळी. तेथे मुलीचा हक्क जन्मसिद्ध ठरला तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना धक्का लागत नाही. याच दुरुस्तीने कलम २३ वगळले गेले. भाऊ वेगळे होईपर्यंत राहत्या घराची वाटणी मागण्याची बहिणीला मुभा नाही, असे ते कलम सांगत असे. जवळजवळ पन्नास वर्षे हे घर भावांचेच मानले गेले, त्यामागे रूढीइतकाच कायद्याचाही हात होता.

एखाद्या वारसाला आपला हिस्सा बाहेर विकायचा असेल, तर तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे. तरीही तो परक्याच्या हाती गेलाच, तर त्या परक्याला कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला कुटुंबीय तो हिस्सा परत घेऊ शकतात. म्हणूनच जाणता खरेदीदार एका भावाच्या हिश्शावर पैसे गुंतवीत नाही. तो सर्वांच्या सह्या मागतो.

हेच कुटुंब गोव्यातील असते आणि घर म्हापशात असते, तर हिशेब पार बदलला असता. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते. वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर पतिपत्नी मालमत्तेचे निम्मेनिम्मे धनी. म्हणजे आईचा अर्धा हिस्सा आधीपासूनच तिचा. वडिलांच्या अर्ध्या भागाची तीन मुलांत वाटणी, प्रत्येकी सहावा. शिवाय मुलांची लग्नेही याच पद्धतीखाली झाली असतील, तर प्रत्येकाच्या जोडीदाराची संमती हवी. इंदुरात चार सह्या, म्हापशात सात. सुनेला आणि जावयाला सहीसाठी बोलवावे लागते, याचे बाहेरच्या नातेवाइकांना नवल वाटते; त्यांच्याकडे सुनेला कोणी विचारतही नाही, याचे आपल्याला वाटावे.

गोमंतकीयाने इंदुरात घर घेतले असेल तर? १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील मालमत्तेच्या वादात सांगितले, की गोव्याचे अधिवासी असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात कोठेही असो, तिचा वारसा गोव्यातील संहितेनुसारच ठरेल. त्यामुळे साउथ तुकोगंजमधील अशा घराचा मालक निवर्तला, तर शेजारच्या घराचा वारसा एका कायद्याने आणि त्याच्या घराचा दुसऱ्या कायद्याने ठरेल. मृत्युपत्र केलेले असले तरी मुलेबाळे असताना निम्म्या संपत्तीपलीकडे ते चालणार नाही. इंदूरच्या वकिलाला हे ठाऊक असेलच असे नाही. विक्रीची बोलणी सुरू करण्यापूर्वी गोव्यातील इन्व्हेंटरीची कागदपत्रे त्याच्यापुढे ठेवणे वारसांच्याच हिताचे.