इफ्तारनंतरही न उतरणारी काळजी

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की घरोघरी हिशेब सुरू होतात. मुलांचे कपडे, फित्रा, जकात, ईदला गावी जायची तिकिटे. त्यात सहरीसाठी मोडलेली झोप आणि दिवसभर चहा नाही. सुरुवातीच्या रोजांत अनेकांचे डोके दुखते, चिडचिड होते. बरेचदा कारण सुटलेला चहाच असतो. शरीराला सवय झाली की तेही थांबते.

हा झाला रोजचा ताण. त्याला कारण असते आणि कारण दूर झाले की तो ओसरतो. खजूर तोंडात पडतो, मगरीबची नमाज होते आणि मघाशी डोंगराएवढे वाटलेले काम पुन्हा आपल्या आकाराचे होते.

आमच्या शेजारच्या खालांचे मात्र तसे होत नव्हते. परगावी नोकरीला असलेल्या मुलाचा फोन येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा. फोन आला की लगेच दुसरी काळजी. तरावीहला उभ्या राहिल्या की छातीत धडधड, हातपाय गार. सहरीच्या कितीतरी आधी जाग यायची. "ईमानच कमजोर पडलंय माझं, बेटा," असे म्हणून त्या रडायच्या. ईदला मुलगा येऊन गेला, तरी काळजी गेली नाही.

चिंताविकार ओळखण्याची खूण हीच. कारण मिटले तरी काळजी राहते, ती आवरता आवरत नाही. अंग आखडते, थकवा येतो, झोप आणि लक्ष उडते. असे सहा महिने बहुतेक दिवस चालले, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. पण जगणे अडू लागले, तर सहा महिने थांबायचे कारण नाही. छातीत दुखले, तर मात्र मनाचे समजून अंगावर न काढता आधी हृदयाची तपासणी करावी.

खालांच्या मुलीने त्यांना डॉक्टरांकडे नेले. थायरॉइडच्या त्रासातही धडधड होते, म्हणून आधी ती तपासणी झाली. मग समुपदेशन आणि गोळ्या सुरू झाल्या. यंदा त्या रोजे ठेवतात. गोळीची वेळ डॉक्टरांनीच इफ्तारनंतरची करून दिली. रोजासाठी मनाने औषध बंद करणे धोक्याचे. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवण्याची सवलत कुरआनने सूरह बकरामध्येच दिली आहे.

मनाच्या आजाराला ईमानशी जोडणे आपल्या परंपरेलाही धरून नाही. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात भीती आणि दुःख यांवरचे उपाय सांगितले. घरात औषधे ठेवतो तसे मन शांत असताना धीराचे विचार साठवावेत, असा त्यांचा सल्ला होता. दुआ मागावी आणि इलाजही करावा. एकाने दुसरे रद्द होत नाही.

सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. आज दस्तरखानावर कुणी गप्प गप्प असेल, तर 'सब्र कर' म्हणण्याआधी त्याला विचारा, "झोप लागते का?"