अवघड चेंडू एगोनूकडे

व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस नीट उचलली गेली नाही, चेंडू भलतीकडे उडाला आणि सेटर धावत कसाबसा त्याच्याखाली पोचली, की पुढचा पास बहुधा उंच, कडेच्या खेळाडूकडे जातो. उजव्या बाजूच्या अशा खेळाडूला ऑपॉझिट म्हणतात. सर्व्हिस उचलण्याची जबाबदारी सहसा तिच्यावर नसते, तिने फक्त गुण मिळवायचे. चेंडू कुठे येणार हे समोरच्यांनाही कळलेलं असतं, त्यामुळे ब्लॉक आधीच उभा असतो. त्या ब्लॉकच्या वरून किंवा आरपार मारणं हे इटलीच्या पावला एगोनूचं काम. २०१८च्या जागतिक स्पर्धेत चीनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने एकटीने ४५ गुण मिळवले, तेव्हा ती १९ वर्षांची होती.

तिचा जन्म १९९८ साली व्हेनेतो प्रांतातल्या चित्तादेल्ला गावचा. आईवडील नायजेरियातून आलेले. वडील ट्रकचालक, आई परिचारिका. इटलीत परक्या पालकांच्या पोटी जन्मलेलं मूल आपोआप नागरिक होत नाही. वडिलांना इटालियन पासपोर्ट मिळाला तेव्हा, चौदाव्या वर्षी, तीही कागदोपत्री इटालियन झाली. पुढे नोव्हारा, कोनेल्यानो आणि इस्तंबूलच्या वाकिफबँकसाठी खेळताना तिने तिन्ही क्लबांबरोबर युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२३मध्ये ती मिलानच्या क्लबकडे आली.

मुली सर्वाधिक खेळतात असा सांघिक खेळ इटलीत व्हॉलीबॉलच आहे. त्यामुळे एगोनू घराघरांत पोचली. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात ऑलिंपिक ध्वज वाहणाऱ्यांत ती होती आणि सानरेमोच्या संगीत महोत्सवात तिने सूत्रसंचालनही केलं. पण एवढं प्रेम मिळूनही तिच्या वाट्याला शांतता आली नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये जागतिक कांस्यपदक जिंकल्यावर, ‘तू इटालियन आहेस का?’ असं लोक विचारतात, आपण थकलो, हा राष्ट्रीय संघासाठीचा शेवटचा सामना, असं ती सांगत असल्याची चित्रफीत पसरली. पुढच्या वर्षी रोबेर्तो वान्नाची या सेनाधिकाऱ्याने पुस्तकात लिहिलं, की तिची चेहरेपट्टी इटालियनपण दाखवत नाही. बोचतं ते हे, की लिहिणारा कुणी अनोळखी माथेफिरू नव्हता, देशाच्या सैन्यातला जनरल होता.

ती संघात परतली. हुलिओ वेलास्को प्रशिक्षक झाले. नव्वदच्या दशकात इटलीच्या पुरुषांना जगज्जेते करणाऱ्या या अर्जेंटिनियन माणसाच्या हातून १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण थोडक्यात निसटलं होतं. ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघातल्या मुलींनी अमेरिकेला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. २२ गुण एगोनूचे, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच. व्हॉलीबॉलमध्ये पुरुष-महिला मिळून इटलीचं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. संपूर्ण स्पर्धेत संघाने फक्त एक सेट गमावला होता.

लगेच रोममध्ये इटालियन ऑलिंपिक समितीच्या मुख्यालयासमोर लाइका या कलाकाराने तिचं भित्तिचित्र काढलं. थोड्याच काळात कुणीतरी चित्रातल्या तिच्या कातडीवर गुलाबी रंग फासला. ज्या देशाला तिने ते सुवर्ण मिळवून दिलं, त्याच्या राजधानीत हे घडावं याचा मला आजही संताप येतो.

इटालियन कोण, हा प्रश्न मतपेटीपर्यंतही गेला. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारा वास्तव्याचा काळ दहा वर्षांवरून पाच करावा, यासाठी जून २०२५मध्ये इटलीत सार्वमत झालं. पुरेसे मतदार फिरकलेच नाहीत, त्यामुळे ते बारगळलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकॉकला एगोनूच्या संघाने तुर्कस्तानला ३-२ असं हरवून जागतिक विजेतेपदही जिंकलं.