पिल्लाचे छायाचित्र आणि पिल्लाचे घर

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा कोणी मोजून ठरवला असेल असे नाही. पण जागा बदलण्याची मांजरीची खोड मात्र खरी आहे. कुत्र्याने हुंगले, माणसांची वर्दळ वाढली, की ती एकेका पिल्लाची मान दातांत अलगद धरते आणि दुसरा आडोसा गाठते. लोहाऱ्यात फाल्गुन-चैत्रात हा प्रकार पाहावयास दूर जावे लागत नाही. कापसाचा हंगाम संपलेला असतो, उपटलेली पऱ्हाटी घरामागे रचलेली असते, आणि तिच्या पोटात मांजरी वितात. चुलीसाठी पऱ्हाटी ओढता ओढता एके दिवशी तळाशी चार-पाच मिटल्या डोळ्यांचे जीव सापडतात.

अशा वेळी पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे काहीच न करणे. आई बहुधा जवळपास असते. लांब उभे राहून काही तास वाट पाहिली तर ती परत येते, आणि तिच्याइतके चांगले संगोपन आपल्या हातून व्हायचे नाही. काही वेळा मात्र ती येत नाही. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर मालमोटारी रात्रंदिवस धावतात, हे आपण सारे जाणतोच. मग पिल्ले कोणाच्या तरी ओसरीवर येतात, दोन महिने राहतात, आणि त्यानंतर त्यांना कायमचे घर हवे असते. सात घरे आईने पाहिली, आठवे आपण पाहावयाचे. काही जण हे आठवे घर पोत्यात घालून गावाबाहेर शोधतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे, एवढे येथे सांगून ठेवतो.

पूर्वी पिल्लू द्यायचे तर पिठाच्या गिरणीत चार माणसांच्या कानांवर घालीत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आणि पिल्लाच्या आधी त्याचे छायाचित्र परक्याच्या घरात शिरते. ते पाहूनच मनुष्य होय की नाही ते ठरवतो. हे छायाचित्र कसे घ्यावे, ह्याविषयी अनुभवाने जे उमगले ते सांगावे, एवढाच ह्या व्याख्यानाचा हेतू.

न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर चँडोहा नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. १९४९ साली हिवाळ्यात त्यांना बर्फात एक पिल्लू सापडले. ते त्यांनी घरी आणले, त्याचे नाव लोको ठेवले, आणि त्याची चित्रे काढता काढता मांजरांची छायाचित्रे हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय झाला. २०१९ साली ते वारले तेव्हा त्यांच्या संग्रहात मांजरांची सुमारे ९०,००० चित्रे होती. त्यांची एक रीत आपल्याला फुकट उचलता येण्याजोगी आहे: ते मांजराच्या उंचीला येत. आपण उभ्याने वरून चित्र घेतो. त्यात डोके मोठे, पाय नाहीत, आणि पिल्लू भेदरून वर पाहत असलेले दिसते. तेच जमिनीवर पालथे पडून, मोबाइल फरशीला टेकवून घेतले, तर पिल्लू आपल्याकडे बरोबरीने पाहते. ओसरीवर असे पालथे पडल्यावर शेजारीपाजारी हसतात. हसू द्यावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. मोबाइलच्या फ्लॅशचा दिवा लावू नये. मांजराच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस प्रकाश परत फेकणारा एक थर असतो; अंधारात दिसावे म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. फ्लॅश पडला की तो थर हिरवा चकाकतो आणि गरीब पिल्लू भुतासारखे दिसते. वैशाखातले दुपारचे ऊन तर त्याहून वाईट: बाहुल्या रेघेसारख्या बारीक होतात आणि नजर उग्र भासते. सकाळी आठच्या सुमारास दार उघडून पिल्लाला उंबऱ्याच्या आत, उन्हाबाहेर बसवावे. उजेड एका कुशीने येतो, बाहुल्या गोल राहतात, अंगावरचा केस न् केस दिसतो.

काळ्या पिल्लाचा प्रश्न निराळा. आधीच आडवे गेलेल्या काळ्या मांजराला पाहून माणसे दोन पावले मागे फिरतात. त्यात यंत्रही त्याच्यावर अन्याय करते. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. पांढऱ्या चादरीवर काळे पिल्लू ठेवले तर चादरीच्या झगझगाटाला घाबरून तो सारे चित्र काळवंडून टाकतो, आणि पिल्लाच्या जागी नुसता कोळशाचा खडा उरतो. ह्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे गोणपाट. त्याचा मातकट रंग ना फार उजळ, ना फार गडद. त्यावर पिल्लू बसवावे, पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावे म्हणजे यंत्र तेथला उजेड धरते, आणि काळ्या अंगावरची चमक उमटते.

पिल्लू स्थिर बसत नाही, ही सर्वांची तक्रार. त्याला धरून बसवू नये; खेळवून दमवावे, खाऊ घालावे, आणि झोपेपूर्वी जी पाच मिनिटे ते अंग चाटत शांत बसते ती पकडावी. पण कॅलेंडरावर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारी मांजरे दिसतात, तशी हौस करू नये. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही. तो पोटात उतरून आतड्यांत गुंतला तर शस्त्रक्रियेची पाळी येते. दुधाच्या बशीचे चित्रही असेच फसवे. गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना बाधते आणि हगवण लागते. चित्र पाहून नेणारा मनुष्य घरी जाऊन हौसेने तेच पाजतो. आपण जे दाखवतो ते लोक करतात, हे विसरता कामा नये.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो.

एका वर्षी आमच्याकडे राखी-पांढरे एक पिल्लू होते. ते चार आठवड्यांचे असताना आम्ही त्याचे चित्र घेतले. डोळे आकाशासारखे निळे. चित्र हातोहात पसरले. यवतमाळहून फोन आले, वर्ध्याहून आले, नागपूरहून आले. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत भावंडांत ठेवावे, कारण दात किती जोराने लावावेत हे ते त्यांच्याकडूनच शिकते. त्याप्रमाणे आम्ही थांबलो आणि मग एका कुटुंबाला ते दिले. चौथ्या दिवशी ते परत आले. "आम्ही निळ्या डोळ्यांचे मागितले होते, हे ते नव्हे," असे त्यांचे म्हणणे. पिल्लू तेच होते. पण मांजराचे प्रत्येक पिल्लू जन्मतः निळ्या डोळ्यांचेच असते. बुबुळातला रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून भरू लागतो आणि पिवळा, हिरवा वा तांबूस होतो. सयामी वळणाच्या किंवा काही पांढऱ्या मांजरांचे डोळे तेवढे निळे राहतात. आम्हाला राग आला खरा, पण विचार करता दोष त्या कुटुंबाचा नव्हता. महिन्यापूर्वीचे चित्र दाखवून आम्हीच एक न राहणारी गोष्ट देऊ केली होती. दोन घरे बदललेले ते पिल्लू तीन दिवस कपाटामागून बाहेर आले नाही.

तेव्हापासून ज्या आठवड्यात पिल्लू द्यायचे त्याच आठवड्यातले चित्र आम्ही पाठवतो. शेजारी पाण्याचा पेला ठेवतो, म्हणजे आकार कळतो. शेपटीला गाठ असेल, कानाचा तुकडा गेलेला असेल, तर तेही दाखवतो.

चित्राखालच्या मजकुराचेही तेच. 'गोंडस' हा शब्द आम्ही बंद केला, कारण तो सगळ्यांनाच लागू पडतो. हे पिल्लू काय करते ते लिहावे. नर की मादी हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. तिरंगी असेल तर बहुतेक मादीच. लस कोणती झाली, शस्त्रक्रिया कधी करावयाची, हे लिहावे. आपल्या घराचा पत्ता मात्र लिहू नये. फोन आला की आपणच प्रश्न विचारावेत: घरात सर्वांची संमती आहे काय, घरमालकाची आहे काय, गच्चीला जाळी आहे काय? ह्या प्रश्नांनी निम्मे फोन गळतात. गळू द्यावेत.

मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल' ह्या संस्थेसाठी २०१७ साली अमोल जाधव ह्यांनी काढलेली छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. घरातली माणसे जवळजवळ बसलेली आहेत, मागून प्रखर उजेड आहे, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकारच कुत्र्याचा किंवा मांजराचा झाला आहे. आणखी एकाला नेहमीच जागा असते, अशा अर्थाची ओळ खाली होती. चित्रात प्राणी नाहीच. त्याची जागा तेवढी आहे. आम्हाला ही कल्पना फार मोलाची वाटली. आपण पिल्लू चांगले दिसावे म्हणून झटतो, आणि ज्या घरात त्याला बसायचे आहे तेथली जागा कोणत्या आकाराची आहे हे विचारावयाचे राहून जाते.

राखी-पांढऱ्या पिल्लाचे दुसरे चित्र आम्ही शिवणयंत्रावर बसलेले असताना घेतले. डोळे पिवळसर हिरवे, एक कान किंचित वाकडा. खाली लिहिले: 'मादी, दहा आठवड्यांची. अनोळखी माणसाला लपते. रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवते.' ह्या वेळी नागपूरहून कोणी विचारले नाही. एकच फोन आला, लोहाऱ्यातलाच, चार गल्ल्यांपलीकडून. निवृत्त गृहस्थ होते. म्हणाले, "आम्हा दोघांचीही झोप दोनला मोडतेच, तेव्हा तिची काही अडचण नाही. ती लपते म्हणता, तर किती दिवस लपेल?" आम्ही सांगितले, आठवडा धरून चला. दुसऱ्या दिवशी सकाळी पतिपत्नी दोघेही आले, आणि येताना झाकणाची वेताची टोपली व आत घालायला एक जुने धुवट लुगडे घेऊन आले होते.