सिग्मा ३२चा पहारा

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला रहिवासी. प्रयोगशाळेत त्याला ३० अंशांवरून एकदम ४२ अंशांवर नेलं, की काही मिनिटांतच तो ठरावीक प्रथिनं धडाधड बनवू लागतो. यातली बरीचशी ‘चॅपरोन’ असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. नेमक्या घडीत बसली तरच ती कामाची. उष्णतेनं घडी उसवते, आत दडलेले पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात. चॅपरोन हे उघडे भाग झाकून धरतात. ग्रोईएल तर १४ घटकांचं, दोन कड्यांचं पोकळ पिंपच. साखळी आत घ्यायची, ग्रोईएसचं झाकण लावायचं आणि घडी बसायला तिला काही सेकंदांचा एकांत द्यायचा.

मला मात्र या पिंपापेक्षा ते कामाला लावणारी व्यवस्था जास्त चलाख वाटते.

कुठली जनुकं वाचायची, हे पेशीच्या वाचनयंत्राला सिग्मा प्रथिनं दाखवतात. उष्णतेच्या जनुकांकडे नेणारा सिग्मा ३२ कॅरोल ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९८४मध्ये ओळखला. एरवी पेशीत तो अगदी मोजका असतो आणि असलेल्यातला निम्मा साधारण मिनिटभरात संपतो. कारण डीएनएके, डीएनएजे आणि ग्रोईएल हे चॅपरोनच त्याला धरून ठेवतात, आणि पेशीपटलातलं एफटीएसएच त्याचे तुकडे करतं.

गावात दंगल उसळली की कोठडीवरचे शिपाईही तिकडे धावतात, तसं इथे होतं. बिघडलेल्या प्रथिनांत चॅपरोन गुंतले की सिग्मा ३२ मोकाट सुटतो. गंमत अशी, की या सुटलेल्या कैद्याचं काम नवे शिपाई भरती करण्याचं! पुरेसे चॅपरोन तयार झाले, निस्तरायचं काम ओसरलं, की रिकामे हात पुन्हा त्यालाच पकडतात. वेगळा मोजणारा नको, वेगळा निरोप्या नको.

थेट तापमान मोजणारा एक भाग आहे, नाही असं नाही. सिग्मा ३२चा आरएनए संदेश थंडीत स्वतःवरच दुमडून बसतो आणि उष्णतेनं उलगडतो; मग तो जास्त वाचला जातो. पण तेवढ्यानं भागत नाही. तापमान मुळीच न वाढवता जिवाणूकडून घडी न बसणारं परकं प्रथिन भरमसाट बनवून घेतलं, तरी हीच धांदल उडते. औषधासाठी जिवाणूंकडून प्रथिनं करून घेणाऱ्यांना हा रोजचा जाच. मानवी इन्सुलिन बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये प्रथिनांचे गोळे साचतात, हे १९८२मध्येच दिसलं होतं.

पेशीच्या बाहेरच्या दोन पटलांमधली फट हे निराळंच खातं. तिथे पेशीचं इंधन असलेलं एटीपी नाही, त्यामुळे ग्रोईएलसारखं यंत्र चालणार नाही. तिथे डीईजीएस नावाचं प्रथिन पहारा देतं. बाहेरच्या पटलात बसायला निघालेली पोरिन प्रथिनं वाटेत रखडली, की एरवी झाकलेलं त्यांचं शेपूट उघडं राहतं. डीईजीएस ते पकडतं आणि आरएसईए या पटलातल्या प्रथिनावर पहिला घाव घालतं. पुढे आणखी दोन घाव पडतात आणि आरएसईएनं अडवलेला सिग्मा-ई हा दुसरा सिग्मा सुटतो.

‘उष्णताघात’ या नावानं हे सगळं आणीबाणीपुरतं असल्यासारखं वाटतं. पण सिग्मा ३२ काढून टाकलेला ई. कोलाय २० अंशांच्या वर वाढत नाही. सिग्मा-ई काढला तर कुठल्याही तापमानाला त्याचं भागत नाही.