पॉवर पंपाचे इंजिन अडखळते? पेट्रोलची वाट तपासा

कपाशीवर फवारणीची वेळ आली, पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि नेमके तेव्हाच पाठीवरच्या पॉवर पंपाचे इंजिन सुरू होईना, असा प्रसंग अनेकांवर येतो. मग हाती लागेल तो स्क्रू फिरवला जातो किंवा नवा कार्बोरेटर आणला जातो. वास्तविक पुष्कळदा टाकीतले पेट्रोल इंजिनपर्यंत पोचत नसते, आणि हा बिघाड आपणास शेतावरच शोधता येतो.

दुर्लक्ष का करू नये?

टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टन व बेअरिंगला वंगण पुरवते. म्हणजे पेट्रोल कमी पोचले की वंगणही कमी पोचते. शिवाय मिश्रणात हवेचे प्रमाण वाढून इंजिन जास्त तापते. असे इंजिन तसेच रेटल्यास पिस्टन जाम होतो. दहा मिनिटांची साफसफाई टाळल्याने मोठी दुरुस्ती अंगावर येते.

तपासणीपूर्वी

पंपातील औषध काढून पंप बाहेरून धुवावा. इंजिन थंड होऊ द्यावे. काम मोकळ्या हवेत करावे. जवळपास विडी, काडी, चूल नसावी.

प्लग काय सांगतो?

कॉक उघडून, चोक लावून दोरी पाच-सहा वेळा ओढावी व प्लग काढून पाहावा. प्लग ओला असल्यास पेट्रोल पोचते आहे. अशा वेळी ठिणगी नसणे किंवा पेट्रोल जास्त होणे, यांपैकी एक कारण असते. प्लग कोरडा असल्यास प्लगच्या छिद्रातून तयार मिश्रणाचे चार-पाच थेंब आत टाकावेत, प्लग बसवून दोरी ओढावी. इंजिन क्षणभर चालून बंद पडले, तर ठिणगी ठीक आहे. दोष पेट्रोलच्या वाटेत आहे.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

१) टाकीचे झाकण : झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजल्यास इंजिन काही वेळ चालून बंद पडते आणि झाकण सैल केले की पुन्हा चालते. छिद्र साफ करावे. झाकण सैल ठेवून फवारणी करू नये, पेट्रोल अंगावर सांडते.

२) कॉक, जाळी व नळी : कार्बोरेटरकडील नळी काढून भांड्यात धरावी व कॉक उघडावा. सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असल्यास टाकीतील जाळी, कॉक किंवा नळी तुंबली आहे. चिरलेली, कडक झालेली नळी बदलावी.

३) कार्बोरेटरची वाटी : धार चांगली असूनही वाटी रिकामी असल्यास फ्लोटची सुई अडकलेली असते. वाटीतून पेट्रोल बाहेर वाहत असल्यास सुईखाली कचरा आहे किंवा फ्लोट फुटला आहे. फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल डचमळल्यास तो बदलावा. वाटीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास पाणी शिरले आहे. असे पेट्रोल पुन्हा वापरू नये.

४) जेट : इंजिन सावकाश चालते पण रेस देताच मरते, असे असल्यास मुख्य जेट तुंबलेला असण्याचा संभव असतो. रेसवर चालते पण सावकाश टिकत नाही, तर लहान जेट पाहावा. जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या पंपाने फुंकावा. त्यात तार घालू नये. छिद्र मोठे झाले की पेट्रोलचे माप कायमचे बिघडते.

काही पंपांच्या कार्बोरेटरमध्ये वाटी व फ्लोटऐवजी रबरी पडदा असतो. तेथे झाकण, जाळी व नळी आपण तपासावी आणि पडद्याचे काम माहीतगार कारागिराकडे द्यावे.

बिघाड होऊ नये म्हणून

आपल्याकडे आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. फार दिवस राहिलेले पेट्रोल उडून जाऊन चिकट गाळ मागे राहतो आणि जेट बुजतो. म्हणून लागेल तेवढेच मिश्रण तयार करावे व ते गाळून टाकीत भरावे. ऑइलचे प्रमाण पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावे. २५:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलि. ऑइल.

हंगाम संपताच टाकी रिकामी करावी व वाटीचा खालचा बोल्ट काढून उरलेले पेट्रोलही काढून घ्यावे. पुढील हंगामात पहिल्या फवारणीच्या आठ दिवस आधी इंजिन एकदा चालवून पाहावे, म्हणजे ऐन वेळी उघडीप वाया जाणार नाही.